गुण कशाचा आला?

अगं,

काल फोनवर बोलता बोलता तू थबकलीस ना, तिथेच मला कळलं. शब्द अर्ध्यावर तुटला, श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि मग काही क्षण नुसती शांतता. नंतर ओठ न हलवता बोलल्यासारखी तू म्हणालीस, "ताई, सोमवारी दाढ काढून टाकते, मोकळी होते एकदाची." फोन ठेवल्यावर रात्रभर माझा डोळा लागला नाही. म्हणून हे लिहून पाठवतेय. तुला फोनवर बोलायला लावणं म्हणजे शब्दागणिक कळ सोसायला लावणं, ते मला करायचं नाही. तू नुसतं वाच.

सोमवारी दाढ काढू नकोस. काढायचीच ठरली तर पुढच्या महिन्यातही निघेल, पण एकदा काढलेली परत बसत नाही. मी दोन काढून बसलेय, म्हणून इतकं जीव तोडून सांगतेय.

माझं कसं सुरू झालं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. नऊ वर्षांपूर्वी, नणंदेच्या मुलाच्या लग्नात. मांडवाच्या दारात मुली गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या. एकीने गुलाबपाणी शिंपडलं, चार थेंब उजव्या गालावर पडले आणि नाकपुडीपासून खालच्या जबड्यापर्यंत अशी वीज गेली की हातातलं आहेराचं पाकीट खाली पडलं. पाच-सात सेकंद असेल. मग काहीच नाही, जणू झालंच नव्हतं. पंगतीत पहिला घास चावला आणि पुन्हा तेच. त्या दिवसापासून माझा गाल माझा राहिला नाही. ब्रश करताना, तोंड धुताना, रिक्षात बाजूने वारा लागला तरी. भाकरी आमटीत कुस्करून, डाव्या बाजूने, जवळजवळ न चावता गिळायची. नातवंडं पापी घ्यायला आली की मी मान फिरवायची. त्यांना वाटायचं आजी रागावली. ते मला फार लागायचं.

दाताच्या डॉक्टरांकडे गेले, कारण दुखत तिथेच होतं. आधी रूट कॅनल झालं, मग तीच दाढ काढली, मग शेजारची. दुसरी दाढ निघाल्यावर आठवड्याभरात दुखणं थांबलं. साडेचार महिने अगदी काही नाही. मी त्यांना पेढे नेऊन दिले, दहाजणींना त्यांचं नाव सांगितलं. आणि एका सकाळी चूळ भरताना तीच वीज, त्याच वाटेने, जिथे दाढच उरली नव्हती त्या जागी. मग ओळखीतून एका वैद्यांकडे नस्य सुरू केलं, दोन महिने बरं वाटलं. मग सुया टोचून घेतल्या, सहा आठवडे बरं. दर वेळी मला अगदी मनापासून वाटायचं की आता गुण आला.

हे दुखणं असंच येतं-जातं, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. काही आठवडे झोडपून काढतं आणि मग आपलं आपण गप्प बसतं; कधी महिनाभर, कधी सहा महिने, काहींच्या बाबतीत वर्षभरसुद्धा. आता बघ, माणूस उपाय शोधायला धावतो कधी? कळा अगदी असह्य झाल्यावर. आणि पुष्कळदा तीच वेळ दुखणं उतरायची असते. त्या वेळी ज्याने कुणी हात लावला त्याच्या हाताला गुण. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला श्रेय देतो. तुझ्या शेजारच्या काकू ज्या तेलाची शपथ घेतात ना, त्या खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरंच बरं वाटलं असेल. पण ते तेलाने वाटलं की आपोआप, हे त्यांना कळायला मार्ग नाही. मलाही नव्हता. एकट्या माणसाला तो नसतोच.

जुनी गोष्ट आहे, पण तुला सांगावीशी वाटते. जॉन लॉक हे नाव तत्त्वज्ञ म्हणून आपण ऐकतो, पण ते वैद्यकही शिकलेले होते. १६७७ सालच्या डिसेंबरात पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूतांच्या पत्नीला, नॉर्थंबरलंडच्या काउंटेसला, चेहऱ्यात अशाच कळा येत होत्या, म्हणून त्यांना बोलावणं आलं. ते झटके त्यांनी पत्रांतून बारकाईने लिहून ठेवलेत. आणि त्या बाईंचे दात आधीच काढून झाले होते! माझ्या सुनेने हे वाचून दाखवलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या बाईचाच विचार करत बसले. साडेतीनशे वर्षं होत आली, तरी आपण अजून दातच काढतोय.

दात का दुखतो असं वाटतं, तेही समजून घे. चेहऱ्याची सगळी जाणीव मेंदूकडे नेणारी एक नस आहे, ट्रायजेमिनल. उजवीकडे एक, डावीकडे एक. तिला तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. दातांची जाणीव याच खालच्या दोन फांद्यांतून जाते. बिघाड असतो आत, मेंदूच्या बुंध्याजवळ, जिथून ही नस निघते. तिथे बऱ्याचदा एखादी रक्तवाहिनी नसेला चिकटून बसलेली असते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तिच्यावर आपटत राहते. नसेवरचं आवरण झिजतं, वायरीवरचं प्लास्टिक झिजावं तसं, आणि मग साधा स्पर्शसुद्धा आत जाताना कळ होऊन जातो. मेंदूला मात्र वाटतं, बातमी दाढेकडून आली.

म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जाऊच नको असं मी म्हणत नाही. जा, एक्स-रे काढ. कीड असेल, पू असेल तर त्यावर उपचार कर. पण दाढ निरोगी दिसत असेल तर तिला हात लावू देऊ नकोस. दात किडला की तो ठणकतो, तासन्‌तास, रात्री झोपू देत नाही. तुझं तसं नाही. तुझी कळ सेकंदात येते, फार तर दोन मिनिटांत जाते, एकाच बाजूला येते, आणि स्पर्शाने, चावण्याने, बोलण्याने सुटते. मधल्या वेळात तू ठीक असतेस. हे सगळं असंच्या असं न्यूरॉलॉजिस्टना सांग. आणि एक मला खरं सांग, गाल बधिर वाटतो का? दुसऱ्या बाजूलाही येतं का? तसं असेल तर मला आजच मेसेज कर, कारण मग आत गाठ आहे का किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखं काही आहे का, हे आधी बघावं लागतं. एमआरआय तर तसाही करायचाच आहे.

क्रोसिन, काँबिफ्लाम खाऊन पोट बिघडवू नकोस. या दुखण्यावर त्या गोळ्या चालत नाहीत. चालते ती फिटची गोळी. हो, अपस्माराची. चिठ्ठीवर ते नाव वाचून घाबरशील म्हणून आधीच सांगून ठेवते. मी घाबरले होते, केमिस्टने "फिट येतात का?" विचारल्यावर दुकानातून तशीच परत आले होते. कार्बामाझेपिन तिचं नाव, टेग्रिटॉल म्हणून मिळते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावच्या गायगी कंपनीत ती तयार झाली, आणि १९६२ मध्ये स्वीडनच्या ब्लोम नावाच्या डॉक्टरांनी ती या कळांवर चालते असं लिहिलं.

पण माझ्या मनाला जी गोष्ट भिडली ती त्यानंतरची. ब्लोम यांनी चालते म्हटलं, म्हणून लोकांनी नुसती मान डोलावली नाही. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी सत्तरएक रुग्ण घेतले. प्रत्येकाला काही दिवस खरी गोळी, काही दिवस तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुठली कधी, ते ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. कळांची नोंद ठेवायची आणि शेवटी पाकीट उघडायचं. खऱ्या गोळीच्या दिवसांत कळा स्पष्ट कमी होत्या. दुखणं आपोआप उतरतं ना, ते दोन्ही गोळ्यांच्या दिवसांत सारखंच उतरणार. उरला तो फरक गोळीचा. माझी सून फार्मसी कॉलेजात शिकवते, तिने डायनिंग टेबलावर दोन वाट्या ठेवून मला हे समजावलं. तोवर माझ्या मनात होतं, क्लिनिकल ट्रायल म्हणजे गरिबावर प्रयोग. त्या संध्याकाळी कळलं की पहिल्यांदा मला खरा गुण ज्या गोळीने आला, ती माझ्यापर्यंत पोचली ती त्या सत्तर माणसांमुळे. त्यांनी काही दिवस रिकामी गोळी खाऊन कळा सोसल्या, म्हणून.

गोळी सुरुवातीला बहुतेकांना चांगला उतार देते. मला तिसऱ्या दिवशी चहाचा गरम घोट उजव्या बाजूने घेता आला, आणि मी कप हातात धरून रडले. पण ही गोळी लाडाची नाही. थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. गुंगी येते, तोल जातो. मी पहिले पंधरा दिवस बाथरूमला भिंत धरून जायची, तू रात्री उठताना दिवा लावूनच ऊठ आणि स्कूटी काही दिवस बंद. रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घे. दुसरी औषधं चालू असतील तर सगळी दाखव, गर्भनिरोधक गोळीसुद्धा, कारण हिच्यामुळे इतर औषधांचा जोर कमी होतो. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात मनाने बंद करायची नाही.

एकच गोष्ट अशी की जिथे डॉक्टरांच्या वेळेची वाट बघायची नाही. अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. क्वचित होतं, पण झालं तर कातडी सोलल्यासारखी निघते, जिवावर बेततं. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांना दिसलं की असं झालेल्या त्यांच्या ४४च्या ४४ रुग्णांमध्ये एक ठरावीक जनुक होतं, एचएलए-बी १५०२. आपल्या देशातही एका छोट्या अभ्यासात अशा ८ रुग्णांपैकी ६ जणांत तेच सापडलं. रक्ताची तपासणी करून ते आधी कळू शकतं. मला कुणी विचारलं नव्हतं, माझं नशीब बरं म्हणून निभावलं. तू गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचार, "ही तपासणी करू या का?" विचारण्यात संकोच कसला?

आता तुला तिसऱ्याच कुणीतरी "नवीन इंजेक्शन आलंय" सांगितलंय, त्याविषयी. अर्धशिशीवर निघालेलं एरेनुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. डेन्मार्कमध्ये ते या कळांवर चालतं का, हे पाहिलं. ८० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ४०-४० वाटले, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं औषध नसलेलं इंजेक्शन. चार आठवड्यांनी मोजलं. औषध मिळालेल्यांपैकी १४ जणांचं दुखणं निदान ३० टक्क्यांनी उतरलं होतं. नुसतंच टोचलेल्यांपैकी १८ जणांचं. नीट वाच गं, औषध नसलेल्यांत जास्त! २०२२ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. आता विचार कर, ती दुसरी चाळीस माणसं नसती तर? मग १४ जणांनी गावभर सांगितलं असतं की इंजेक्शनने गुण आला. आणि तू-मी मंगळसूत्र गहाण ठेवून ते घेतलं असतं. हे वाचून माझं मन खट्टू झालं खरं, पण त्या डॉक्टरांविषयी आदर वाटला. आपलं चाललं नाही, हे चारचौघांत सांगायला मन मोठं लागतं.

बोटॉक्सचं मात्र थोडं वेगळं आहे. चीनमध्ये ४२ रुग्णांवर असाच डोळे झाकून केलेला अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापला गेला. औषधवाल्यांत शंभरात अडुसष्ट जणांना गुण, नुसतं मीठपाणी टोचलेल्यांत पंधरा. फरक मोठा आहे, पण माणसं मोजकी, आणि परिणाम काही महिनेच टिकतो. गाल थोडा तिरका दिसू शकतो. गोळी सोसत नसेल आणि ऑपरेशन करायचं नसेल, तर डॉक्टरांशी बोलण्यासारखी गोष्ट आहे, एवढंच म्हणेन.

तुझ्या मनात येईल, एवढं दुखत असताना लोकांना रिकामी गोळी देतात तरी कशी? मलाही ते खटकलं. त्यावर संशोधकांनी एक वाट काढलीय, ती मला फार आवडली. लंडनच्या जोआना झाक्झेव्स्का यांनी, त्या मूळच्या दाताच्या डॉक्टर बरं का, एका नव्या औषधाची तपासणी अशी केली: आधी तीन आठवडे सगळ्यांना खरंच औषध. ज्यांना उतार पडला त्यांच्यापुरत्याच चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांचं औषध चालू, निम्म्यांचं गुपचूप रिकामं. कळा परत आल्या की तो रुग्ण तिथेच थांबला, त्याला सोसत बसायचं नाही. शेवटच्या टप्प्यात २९ माणसं उरली. औषध चालू असलेल्या १५ पैकी ५ जणांचं बिघडलं, रिकाम्या गोळीवरच्या १४ पैकी ९ जणांचं. वाटतं ना, औषध जिंकलं? पण इतक्या थोड्या माणसांत असा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं गणित सांगतं, आणि त्यांनीही २०१७ मध्ये तसंच लिहिलं. माणसंच मिळत नाहीत. आजार कमी जणांना, त्यातून ज्यांना आहे त्यांच्यात दोन महिने थांबायचं त्राण नाही.

म्हणून कधी हॉस्पिटलात तुला कुणी विचारलं, "ट्रायलमध्ये येता का?" तर घाबरून नाही म्हणू नकोस, आणि भिडेखातर हो पण म्हणू नकोस. फॉर्म घरी आण. मराठीतला माग, तो तुझा हक्क आहे. सही केल्यावर एक प्रत तुझ्याकडे राहते. मला पाठव, आपण दोघी वाचू. आपल्या देशात २००९च्या जूनपासून प्रत्येक औषधाच्या ट्रायलची सीटीआरआय या सरकारी यादीत नोंद करावीच लागते. नोंदणी क्रमांक असतो, तो घाल की सगळं समोर येतं. माझ्या सुनेने मला दाखवलंय, दोन मिनिटांचं काम. कळ असह्य झाली तर तिथे कुठलं औषध देणार, तुझी चालू गोळी बंद करायला लावणार का, ट्रायल संपल्यावर पुढे काय, हे तोंडाने विचार. मध्येच सोडून यायची मुभा असते आणि त्यामुळे तुझे नेहमीचे उपचार अडत नाहीत. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचारांचा खर्च आणि भरपाई, हे २०१९च्या नियमांत लिहिलंय. आणि तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे तुझ्याकडे मागितले, तर पर्स उचलून सरळ घरी ये.

आता एमआरआयचं सांगते, कारण रिपोर्ट हातात आला की तू रात्रभर गूगल करशील. त्यात लिहिलेलं असेल, रक्तवाहिनी नसेला टेकलीय. ते वाचून हबकू नकोस, आणि लगेच "सापडलं!" म्हणून नाचूही नकोस. डेन्मार्कच्याच लोकांनी १३५ रुग्णांचे एमआरआय पाहिले. दुखऱ्या बाजूला १०० पैकी ८९ जणांत वाहिनी नसेला टेकलेली. आणि न दुखणाऱ्या बाजूला? १०० पैकी ७८ जणांत! म्हणजे नुसतं टेकणं हे पुष्कळांत असतंच. फरक होता तो नस ढकलली गेलीय का किंवा बारीक झालीय का यात. दुखऱ्या बाजूला ५३ टक्के, दुसऱ्या बाजूला १३. म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना विचार, "नस नुसती टेकलीय की दबलीय?"

दबली असेल आणि गोळी पुरेनाशी झाली तर ऑपरेशन आहे, आणि ते मी केलंय हे तुला माहीत आहे. पीटर जानेटा म्हणून अमेरिकन सर्जन होते. १९६०च्या दशकात, शिकाऊ असताना, दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दाखवायला ते सूक्ष्मदर्शकाखाली ही नस मोकळी करत होते, तेव्हा तिच्यावर बसलेली वाहिनी त्यांना स्वच्छ दिसली. वॉल्टर डँडी यांनी तीस वर्षं आधी तसं सुचवलं होतं, पण तेव्हा सूक्ष्मदर्शक हाताशी नव्हता. जानेटांनी कानामागून लहानसं भोक पाडून वाहिनी बाजूला करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा, ही रीत बसवली. नस कापायची नाही, जाळायची नाही. पुढे त्यांच्या ११८५ रुग्णांचा हिशेब १९९६ मध्ये छापला गेला. दहा वर्षांनंतरही १०० पैकी ७० जण गोळीशिवाय, कळांशिवाय होते. काहींना परत आलं, त्यातल्या बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत. सुमारे एक टक्का लोकांचं त्या बाजूचं ऐकू येणं गेलं. दोघेजण ऑपरेशननंतर वारले. हे दोन आकडे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

खोटं ऑपरेशन करून तुलना कुणी करू शकत नाही, कवटीला उगाच भोक कोण पाडेल? म्हणून इथे आधार तो एवढ्या माणसांना एवढी वर्षं न विसरता विचारत राहिल्याचा. मी चार वर्षं बरी आहे. कानामागे केसांत एक खळगा आहे, फणी तिथे दर सकाळी जराशी अडते. पण माझ्याकडे बघून तू ऑपरेशन ठरवू नकोस. मी एकटी आहे, दाढ काढल्यावरही मी साडेचार महिने बरीच होते. ठरवायचं ते त्या ११८५ जणांकडे बघून, आणि तुझा एमआरआय बघून.

गालातून सुई घालून नस बधिर करायच्या रीतीही आहेत. ग्लिसरॉल, फुगा, उष्णता; आणि सुईशिवाय, बाहेरून किरणं. वय जास्त असेल, भूल सोसणार नसेल तर त्या उपयोगी पडतात. ग्लिसरॉलची तर गंमतच: स्टॉकहोममध्ये हाकनसन नावाचे डॉक्टर किरणांसाठी जागा दिसावी म्हणून ग्लिसरॉलमध्ये धातूची पूड कालवून टोचत होते, आणि नुसत्या त्या टोचण्यानेच रुग्णांच्या कळा थांबायला लागल्या. पण या सगळ्यांत गाल कमीजास्त बधिर होऊ शकतो, तेवढं लक्षात ठेव. आणि चेहरा सतत नुसता जड, जळजळता दुखत असेल, झटके नसतील, तर ते दुखणं निराळं. त्यावर यातलं काही करू नये, उलट वाढतं.

एक गोष्ट तू बोलली नाहीस, मीच काढते. सलमान खानने आपल्याला हाच आजार असल्याचं जाहीर सांगितलं तेव्हापासून बातम्यांत याला "आत्महत्येचा आजार" म्हणतात. तू ते वाचलं असशील. ते नाव मनातून काढून टाक. मलाही रात्री तीनला, उशीचा कोपरा दातांत धरून, नको ते विचार आले होते. तेव्हा मी तुझ्या भावजींना उठवलं आणि नुसतं म्हटलं, बोलू नका, शेजारी बसा. तू पण उठव कुणाला तरी. मला उठव, किती वाजले ते बघू नकोस. आणि कुणीच नाही असं वाटलं तर १४४१६ लाव, टेली-मानसचा नंबर आहे, सरकारचा, मराठीत बोलतात.

आता कामाचं. बुधवारी दुपारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ मी घेतलीय. तोवर एक दोनशे पानी वही कर. दिवसाला एक पान. कळा किती आल्या, कशाने आल्या, किती वेळ टिकल्या, कुठली गोळी कधी घेतली, आणि त्या दिवशी काय करता आलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डॉक्टरांनी या दुखण्यासाठी जी मोजपट्टी केलीय तिच्यात प्रश्न काय आहेत माहितीये? जेवता आलं का, गालाला हात लावता आला का, दात घासता आले का, हसता आलं का, बोलता आलं का. तू तुझे लिही. धाकट्याला हाक मारता आली का. फोडणीचा ठसका लागला तेव्हा काय झालं. आणि ज्या दिवशी काहीच दुखलं नाही तो दिवससुद्धा लिही, मुद्दाम लिही. उद्या कुठलाही उपाय केलास तर गुण कशाचा, हे ठरवायला तेच पान लागेल.

कराडहून सकाळी लवकरची गाडी धर, खिडकीची जागा घेऊ नकोस, ओढणी गालावर सैल ठेव. जुने एक्स-रे, सगळ्या चिठ्ठ्या, आणि ते तेलसुद्धा आण, डॉक्टरांना दाखवू. स्वारगेटला मी उभी असेन. उतरलीस की बोलू नकोस, नुसता हात कर. घरी मऊ भात करून ठेवेन, वर साजूक तूप.